कागदातली वाकडी रेघ

मी एक जुनी चाळण आहे. पीठ चाळायची नव्हे हो. तसलं काम मला कुणी सांगून तर बघावं! मी कागद उचलणारी चाळण. गवताच्या पात्याहून बारीक अशा बांबूच्या काड्या एकीला एक लावून, रेशमाच्या धाग्यानं बांधलेली. गुंडाळली तर काखेत मावते, उलगडली तर खिडकीएवढी होते.

मित्रांनो, मला अक्षर येत नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण तुमची अक्षरं बसतात कुठं? कागदावर. आणि कागद बसतो कुठं? माझ्या मांडीवर. तेव्हा माझ्यासमोर जरा बेतानं शहाणपणा करा.

जपानच्या शिकोकू बेटावर नियोदो नदीच्या वरच्या अंगाला कामिओरी नावाचं गाव आहे, तिथली मी. मला बांधलं हामाएनं. तिचा नवरा काड्या सोलायचा आणि ती बांधायची. लाकडी घोडीवर काड्या लावून, वजनं लटकवलेल्या रिळांचे धागे पुढं-मागं टाकत बसायची. रिळं एकमेकांवर आपटून टकटक वाजायची. तिचा धागा इतका सरळ जायचा की शेजारणी म्हणायच्या, हामाएनं पावसाच्या धारा ओळंब्यात बांधल्यात.

बांधून झाल्यावर तिनं मला काकीच्या रसात न्हाऊ घातलं. काकी म्हणजे टेंभुर्णीची चुलत बहीण. तिची हिरवी, तुरट फळं ठेचून रस काढायचा आणि तो माठात वर्षानुवर्षं मुरवायचा. माठाचं झाकण काढलं की कुत्रंसुद्धा अंगण सोडून जातं, एवढा त्याचा वास! पण त्या रसानंच माझं अंग घट्ट झालं आणि पाण्याला पुरून उरलं. पहिल्यांदा मी फिकट गव्हाळ होते. मग दरसाल रस चढत गेला आणि मी चांगली तपकिरी झाले. हे तपकिरी लक्षात ठेवा. पुढं सगळं रामायण त्यावरच झालं.

मी फुसाएच्या घरी आले तेव्हा ती नवी सून होती. सासूनं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नवरा रुसला तर चालेल, ही रुसता कामा नये." फुसाएनं मला लाकडी चौकटीत बसवलं आणि कुंडात बुडवलं. तुतीच्या जातीच्या झाडाची साल शिजवून, धुऊन, कुटून केलेला लगदा, त्यात एका मुळीचा भेंडीसारखा बुळबुळीत रस आणि हाडात शिरणारं थंड पाणी. ती मुळी थंडीतच काम करते, म्हणून कागद हिवाळ्याचा. कुंडाशेजारी गरम पाण्याची बादली असायची. बोटं बधिर झाली की तिच्यात बुडवायची आणि पुन्हा मला धरायचं. पुढं झुलव, मागं झुलव, चपक-चुपक, चपक-चुपक. पाणी माझ्यातून खाली जायचं आणि साय धरावी तसा कागद माझ्यावर राहायचा. पहिल्या हिवाळ्यात फुसाएच्या कागदात गाठी पडल्या, भोकं पडली. दुसऱ्या हिवाळ्यात क्योतोहून जुनी चित्रं दुरुस्त करणारे लोक तिचा कागद मागायला आले. मी फुगले नाही असं म्हणणार नाही. फुगलेच.

पण माझा खरा मान होता गावच्या शाळेत. आमच्या गावात सहावी पुरी करणारं मूल आपल्या दाखल्याचा कागद स्वतः उचलतं, आमच्याच कुंडातून, माझ्याच अंगावर. टपालवाला, मासेवाली, सरपंच, कुणाच्याही घरी जा. भिंतीवरचा दाखला काढून उजेडाशी धरा. काड्यांच्या बारीक रेघा दिसतील आणि त्यांना छेदून जाणाऱ्या धाग्याच्या रेघा दिसतील. त्या माझ्या बरगड्या आहेत. अख्ख्या गावानं त्या छातीशी धरलेल्या आहेत.

मग यंत्राचा कागद आला. घरातल्या बाकीच्या चाळण्या उंदरांनी खाल्ल्या. मी चुलीवरच्या आढ्याला टांगलेली होते, धुरात, म्हणून वाचले. फुसाएचा नवरा गेला, ती युझूच्या, म्हणजे आमच्याकडच्या सुवासिक लिंबांच्या, बागेत फळं तोडायला जाऊ लागली. वर्षातून एकदा, शाळेच्या कागदापुरती, मी खाली उतरायची. तक्रार नाही करत मी. पण मित्रांनो, आढ्याला लटकून खालच्या माणसांची टकलं बघण्यात जन्म जावा, यासाठी हामाएनं मला बांधलं नव्हतं.

दिवस पालटले ते फुसाएच्या सुनेमुळं. चिहारु तिचं नाव. तिनं माडीवरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. सावकाश या, हातानं काहीतरी करा आणि मग जा, असं तिचं म्हणणं. मी पुन्हा कुंडावर आले. पाहुणेही एकेक नग! एकानं विचारलं, केस वाळवायच्या यंत्रानं कागद वाळवला तर चालेल का? फुसाए म्हणाली, "चालेल की. आधी स्वतःचं टाळकं वाळवून बघ."

अशाच एका जानेवारीत ओसाकाहून ओतोवा आली. तिचं आणि बहिणीचं मिठाईचं दुकान. रोज एक कला शिकायची असा तिचा बेत. काल लाखेची वाटी झाली होती, आज कागद, उद्या मातीकाम. तिनं मला असं झुलवलं की माझ्या काड्या कुरकुरल्या. कागद उतरला तो एका बाजूनं घोंगडी, दुसऱ्या बाजूनं जाळी.

"अर्धा हिवाळ्याचा झालाय, अर्धा उन्हाळ्याचा," फुसाए म्हणाली.

"आजी, हा वाळणार कधी?"

"ऊन पडलं तर आज. नाहीतर उद्या."

"पण माझी साडेतीनची बस आहे!"

"मग बसला सांग जा, कागद ओला आहे म्हणून."

ऊन पडलं नाही. ओतोवा राहिली. आणि सकाळी तो घोळ झाला.

आमच्याकडं एक म्हण आहे, उडून जाणारा पक्षी पाणी गढूळ करून जात नाही. पाहुण्यानं जागा होती त्याहून स्वच्छ करून निघावं, ही आमच्या माणसांची रीत. ओतोवा तर रीतभात कोळून प्यालेली. तिनं गादी घडी केली, फरशी पुसली, अंगण झाडलं, काळी किटली घासून पांढरी केली. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"अगं बाई! केवढा हा वर्षानुवर्षांचा मळ!"

मळ! हामाएच्या रसाला मळ म्हणाली! तिनं काथ्याचा घासणा घेतला आणि मला नळाखाली धरून खसाखसा घासलं. तपकिरी पाणी निघू लागलं तशी तिला हुरूप चढला. मी ओरडू कशी? मला अंग आहे, तोंड नाही. कोपऱ्यातले धागे एकामागून एक तुटले आणि काड्या मोडक्या फणीच्या दातांसारख्या फाकल्या.

फुसाए मागच्या दारानं आली, तिनं पाहिलं आणि ओतोवाच्या हातातला घासणा काढून घेतला.

ओतोवानं जमिनीवर कपाळ टेकलं. ते उचलायलाच तयार नाही. चिहारुनं मला हातात घेतलं आणि म्हणाली, "आई, मार्चमध्ये शाळेचा कागद आहे. नवी चाळण मागवावी तर बांधणाऱ्यांकडं वर्षानुवर्षांची रांग. आणि हेडमास्तर मागंच म्हणाले होते, जमत नसेल तर शहरातून छापील कागद आणू."

"एकदा तो आला की पुन्हा आपलं दार कोण ठोठावणार?" फुसाए म्हणाली.

"हिला मग काचेत घालून ओसरीवर लावू या. पाहुणे बघतील तरी," चिहारु म्हणाली.

ऐकलंत? जिवंतपणी फोटो होऊन भिंतीवर टांगून घ्यायचं! त्यापेक्षा मी चुलीत गेलेली बरी, असं मला वाटलं. थोडा वेळ खरंच वाटलं.

फुसाएनं कपाटाचा खालचा खण ओढला. त्यातून हामाएची घोडी निघाली, रिळं निघाली आणि रेशमाची एक लड निघाली. मरण्याआधी हामाएनं हे सगळं फुसाएला दिलं होतं. वर जुन्या तुपाइतकं पिवळट झालेलं तिच्या हातचं फडकं होतं. फुसाएनं आपली बोटं उजेडात धरली. ती आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी झाली होती.

"ए ओसाकाकरीण, ऊठ. कपाळ टेकून धागे जुळत नाहीत. तुझे हात दुकानात काय करतात?"

"ख... खोक्यांना फिती बांधते, आजी. मिठाईच्या."

"मग बांध."

ओतोवानं बहिणीला फोन लावला. पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "तू कागद आणायला गेलीस की कागदाच्या घरी नांदायला?" तिनं मातीकाम रद्द केलं, त्याच्या पुढचंही सगळं रद्द केलं.

मग चालली आमची दुरुस्ती. फुसाएची जीभ आणि ओतोवाची बोटं. तुटक्या कोपऱ्यापासून चांगल्या जागेपर्यंत मला उसवलं, मोडक्या काड्या काढून नव्या घातल्या.

"ओढू नकोस, गाय बांधत नाहीयेस!"

"आजी, ढिलं झालं."

"ढिलं करायलाही नाही सांगितलं. जावेशी बोलतेस तसं बांध. ना घट्ट, ना सैल."

पहिल्या खेपेला मी वाटीसारखी वाकले. सोडलं. दुसऱ्या खेपेला काड्यांत फट राहिली. सोडलं. शेगडीवर रताळी भाजत होती, बाहेर डोंगरावर बर्फ भुरभुरत होता आणि रिळं टकटक वाजत होती. डोळे मिटले की मला वाटायचं, हामाएच बसली आहे. हळूहळू ओतोवाचं घड्याळाकडं बघणं थांबलं. एके दिवशी ते घड्याळ चिहारुला लोणच्याच्या बरणीमागं सापडलं.

बांधून झालं तेव्हा काड्या एकजीव बसल्या होत्या. फक्त एक धागा कोपऱ्याकडं जाताना किंचित तिरपा झाला होता. ओतोवाचं तोंड एवढंसं झालं. "पुन्हा सोडते, आजी."

फुसाएनं त्या धाग्यावरून अंगठा फिरवला. "पाणी सरळ जातंय का? जातंय. मग राहू दे. आता माठ उघड, आणि नाक धर."

रस चढला, सुकला, पुन्हा चढला. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले हे मला सांगितलंच पाहिजे. नव्या धाग्याच्या कुसात लगदा अडकला आणि कागद सोडवताना कोपरा फाटला. ओतोवा रडायला लागली. फुसाए म्हणाली, "रडून कुंडातलं पाणी वाढवू नकोस. आणखी एक हात दे रसाचा आणि थांब." मुलं येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा कुंडात उतरलो. चपक-चुपक. मला उलटं घातलं, एका कडेनं सोडवलं. कागद अल्लद खाली राहिला, अख्खा, कोपऱ्यासकट. फुसाए नुसती "हं" म्हणाली. तिचं "हं" म्हणजे दुसऱ्या कुणाचा ढोल-ताशा समजा.

हेडमास्तरांसोबत सहावीची मुलं आली, बाह्या सारून एकेकानं आपापला कागद उचलला. वाळल्यावर कोनात्सु नावाच्या पोरीनं आपला कागद खिडकीशी धरला. मग डोळे बारीक केले.

"आजी, ह्यात एक वाकडी रेघ आहे. बाबांच्या दाखल्यात नाही अशी."

ओतोवा कानापर्यंत लाल झाली. हेडमास्तर चष्मा पुसायला लागले.

"ती?" फुसाए म्हणाली. "ती ह्या ओसाकाच्या काकूची सही आहे. अर्ध्या दिवसासाठी आली होती, आणि शाळा पुरी करूनच निघाली."

कोनात्सुनं कागद पुन्हा उजेडाशी धरला. "मग बाबांपेक्षा माझ्या कागदात एक सही जास्त आहे," ती म्हणाली आणि कागद छातीशी धरून पळाली.

ओतोवा दुसऱ्या दिवशी गेली. जाताना तिनं अंगण झाडलं, फरशी पुसली आणि माझ्यापाशी येऊन हात मागं बांधून उभी राहिली. "आजी, हिला काय करू?" तिनं विचारलं. फुसाए म्हणाली, "थंड पाणी ओत, सावलीत टांग, आणि पुढच्या हिवाळ्यात ये."

ती येते. दर हिवाळ्यात येते, मिठाईचं खोकं घेऊन. आता फिती जरा जास्तच सुबक बांधते.

तर मित्रांनो, म्हातारीचं एक ऐका. जुन्या वस्तूवर माया करायची तर आधी तिची ओळख करून घ्या. तिचा रंग मळ आहे की मान, हे घरच्या माणसाला विचारा आणि मगच घासणा उचला. आम्हाला काचेत कोंडू नका, कामाला लावा. मोडलो तर बसून जुळवा. जुळवताना रेघ वाकडी गेली तर जाऊ द्या. कामिओरीत आता नव्या दाखल्यांवर ती रेघ सगळ्यांच्या घरी आहे, आणि ज्यांच्याकडं ती नाही, ते म्हातारे उगाच आपले दाखले उजेडाशी धरून शोधत बसतात.

तुम्हीही या कधी. फक्त परतीची बस ठरवून येऊ नका.