राक्षसाच्या गालाचा रंग

मित्रांनो, घाबरून पुस्तक मिटू नका. मी एक जुना, स्वस्तातला रबरी मुखवटा आहे, तोही राक्षसाचा. पण माझ्यामुळे आजवर कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही.

साच्यात पातळ रबर ओतून मला घडवलं. रंगवणाऱ्या बाईंच्या पुढ्यात मुखवट्यांचा ढीग पडला होता. त्यांनी घाईघाईत माझ्यावर हिरवा हात फिरवला, ओठांना लाल रंग टेकवला, तो थेट हनुवटीपर्यंत ओघळला. त्यामुळे मी क्रूर दिसण्याऐवजी तोंड बरबटलेल्या पोरासारखा दिसायचो. खेळण्यांच्या दुकानात मला कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. एका रंगाऱ्याच्या मुलीनं मात्र हट्टानं मलाच उचललं.

घरात तिला चिमणी म्हणत. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, पण मला चढवलं की ती घर डोक्यावर घ्यायची. शाळेच्या नाटकात तिला राक्षसाचं काम मिळालं, ते माझ्याच जिवावर. काय सुखाचे दिवस होते ते! तालमी करता करता माझा रंग उडाला आणि गालावरचे पोपडे निघाले.

बाबांना ते बघवेना. चिमणी मावशीकडे राहायला गेली, तेव्हा तिला चकित करायचं म्हणून त्यांनी मला पुढ्यात घेतलं. दारं-खिडक्या रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी मला पॉलिशपेपरनं घासलं. कपाळावरच्या आठ्या त्यांना भेगा वाटल्या, म्हणून दारांच्या फटी बुजवायला भरतात ती लांबी त्यांत भरली. वर ऑइलपेंटचे दोन हात दिले. इतक्या मायेनं मला कुणी हाताळलं नव्हतं, त्यामुळे मीही फुशारलो.

नाटकाच्या आदल्या संध्याकाळी चिमणी परतली. मला चढवून ती राक्षसासारखी हसली आणि माझा गाल कडकन तडकला. कपाळाची लांबी तिच्या फ्रॉकवर पडली. तिनं मला काढून बाजूला ठेवलं.

"मी उद्या नाटकात जाणार नाही," ती म्हणाली. "हा माझा राक्षस नाहीये."

बाबा माझ्या तडकलेल्या गालावरून बोट फिरवत राहिले. आपला रंग कधी सुटत नाही, ही त्यांची ऐट होती. आई म्हणाली, "अहो, दार हसतं का कधी? हा हसतो." मग तिनंच सुचवलं की रबराला रबरच धरेल, सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्यूशन आणा.

बाबांनी नखानं एकेक पापुद्रा सोलला. सोल्यूशन पातळ करून त्यात हिरवा रंग कालवला. लाल रंगाच्या वेळी मात्र ते थांबले आणि कसा हवा ते चिमणीला विचारलं. तिनं बोटानं हनुवटीपर्यंतचा ओघळ दाखवला.

रंग वाळला. तो तडकतो का, हे बघायला मला घालून कुणीतरी बोलायला हवं होतं. चिमणी हात लावायला धजेना, म्हणून बाबांनीच मला चढवलं. त्यांचा गरम श्वास मला आतून लागला. मग माझे ओठ हलले.

"चुकलं माझं, बाळा. तुला विचारायला हवं होतं."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. चिमणी जवळ आली, तिनं माझा गाल निरखला आणि गंभीरपणे म्हणाली, "परत म्हण, बाबा. या बाजूचं अजून कळलं नाही."

बाबांनी परत म्हटलं. माझ्या गालाला एक चीरही पडली नाही. आतून मात्र तो ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी नाटक दणक्यात झालं. आता चिमणी तिच्या संसारात रमली आहे. माझे कान चिकट झालेत, पण तिची आठवण आली की मला अजून भरून येतं.

मित्रांनो, आम्हां रबरी मंडळींना उन्हात टाकू नका, अधूनमधून पावडर लावा. दुसऱ्याच्या आवडत्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारा. आणि विचारायचं राहूनच गेलं, वर 'चुकलं' म्हणायला जीभ रेटत नसेल, तर मी इथंच कपाटात आहे. मला चढवा आणि म्हणून टाका.