बर्फाचा बिनसाखरेचा चहा

लंडनच्या हाउन्सलो भागातल्या दवाखान्यात आशाबाई घोरपडे चुकीच्या नावाला कधी उठल्या नाहीत. काउंटरवरची पोरगी ‘मिसेस पटेल’ अशी हाक मारायची. बाकावर दुसरी पटेल नसायची, पोरगी त्यांच्याकडेच बघत असायची, तरी आशाबाई ढिम्म. शेवटी पोरगी उठून जवळ आली की त्या सावकाश सांगायच्या, “घोरपडे. शीक हळूहळू, मला घाई नाही.” चाळीस वर्षांत त्यांनी दवाखान्यात, पोस्टात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात आपलं नाव असं रुजवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. जो चुकीच्या नावाला ओ देतो, तो उद्या कुणाच्याही हाकेला ओ देईल.

म्हणूनच अंशुमनचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

अंशुमन त्यांच्या नातीने, श्रद्धाने पसंत केलेला मुलगा. आईबाप नागपूरचे, पण हा जन्मला, वाढला कॅनडात. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडात, रीडिंगला आला आणि श्रद्धाच्याच ऑफिसात लागला. श्रद्धाचे आईबाप हो म्हणून मोकळे झाले होते. पण श्रद्धा वाढली आजीच्या हाताखाली. तिने स्पष्ट सांगितलं होतं, “आजी, तू हो म्हणालीस की मगच तारीख.”

आशाबाईंनी त्याला एकदाच पाहिलं होतं, दारात. आत येताना त्याचा खांदा फाटकाला लागला, तर तो फाटकाला सॉरी म्हणाला. मुलगा गोड होता, पण गोड माणसाला कणा असतो की नाही हे हात लावून बघावं लागतं.

“शनिवारी जेवायला आण,” त्या नातीला म्हणाल्या. “पण हे केळवण नाही हं. केळवण ठरलेल्या मुलाचं करतात. हे नुसतं जेवण.”

“कळलं,” श्रद्धा म्हणाली. “इंटरव्ह्यू.”

आता जेवायला करायचं काय? श्रद्धाला विचारलं तर म्हणाली, “तो काहीही खातो.” काहीही म्हणजे काय करायचं असतं? मग आशाबाईंनी जयंतरावांना विचारलं. जयंतराव त्यांच्या यजमानांचे जुने दोस्त, चार घरं सोडून राहायचे. त्यांचा मुलगा शिकागोला, म्हणून अमेरिकेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

“वहिनी, तिखट अजिबात नको. त्या लोकांची पोटं नाजूक,” जयंतराव म्हणाले. “आणि गरम चहा देऊ नका. बर्फाचा चहा द्या, बिनसाखरेचा. माझा मुलगा बादलीभर पितो.”

“हा कॅनडाचा आहे पण.”

“अहो, एकच ते. वरचा मजला आणि खालचा मजला.”

आशाबाईंना ते पटलं. हीथ्रोजवळ विमानांचं जेवण भरायच्या किचनमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. टोरांटोचं विमान असो की न्यूयॉर्कचं, ट्रे तोच, झाकणही तेच. तेव्हा कोणी तक्रार केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

शनिवारी दुपारी दोघं आली. अंशुमनने एक डबा पुढे केला. आत हाताच्या तळव्याएवढ्या, खळग्यात काहीतरी तपकिरी, चकचकीत भरलेल्या पुऱ्यांसारखं होतं. “आईनी बनवले. मागच्या आठवड्यात आली होती ना, बॅगेतून आणले,” तो म्हणाला.

जयंतराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी डब्यात डोकावलं. “वा, पीकन पाय. तुमच्या अमेरिकेतली खासियत.”

अंशुमनचं तोंड उघडलं आणि मिटलं. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. ते आशाबाईंनी पाहिलं.

पानं वाढली. पांढराफटक रस्सा, पुऱ्या, बटाट्याची भाजी. अंशुमनने रश्श्याचा घास घेतला, थोडा थांबला, आणि लोणच्याची बरणी हळूच आपल्याकडे ओढली. मग आशाबाईंनी बर्फाच्या चहाचा जग आणला. त्याने एक घोट घेतला. डोळे क्षणभर बारीक झाले.

“कसा आहे?”

“छान आहे,” असं म्हणून त्याने ग्लास संपवला. जयंतरावांनी लगेच दुसरा भरून दिला. त्याने तोही संपवला.

“बघा वहिनी, म्हटलं नव्हतं?” जयंतराव म्हणाले. मग त्यांची गाडी सुटली. तुमच्या अमेरिकेत सोडा स्वस्त. तुमच्या अमेरिकेत फ्रीजच केवढाले.

“आम्ही सोड्याला पॉप म्हणतो,” अंशुमन पुटपुटला.

“हो, काही जण म्हणत असतील तुमच्या अमेरिकेत,” जयंतराव म्हणाले.

कान पुन्हा लाल. श्रद्धाने टेबलाखालून त्याच्या पायाला ढोसलं, तर तो तिलाच सॉरी म्हणाला. आशाबाईंच्या मनात त्याचं पारडं हलकं होत चाललं होतं. मुलगा मेणाचा दिसतोय. उद्या माझ्या नातीच्या बाजूने दोन शब्द बोलायची वेळ आली तर हा काय, छान आहे म्हणणार?

जेवणं झाली तशी अंशुमन ताटं उचलून किचनमध्ये आला. मागोमाग आशाबाईंनी चहाचा जग आणून ओट्यावर ठेवला आणि दार लोटलं.

“बस.”

“सॉरी.”

“सॉरी नको. तो चहा कसा होता?”

“छान होती.”

“अंशुमन, छान म्हणणाऱ्याला मी परत जेवायला बोलावत नाही. खरं सांगणाऱ्यालाच बोलावते. आता सांग.”

तो ओट्यावरच्या जगाकडे बघत राहिला. आत बर्फ विरघळून चहाचं पांचट पाणी झालं होतं. आशाबाई थांबल्या. थांबायची त्यांना सवय होती.

“आजी, ती चहा खूप वाईट होती,” तो म्हणाला. “आमच्याकडे आइस्ड टी म्हटलं की गोडच येते. साखर नसलेली मी आज पहिल्यांदा प्यायलो.”

“आणि रस्सा?”

“तिखट नव्हता. आई सावजी करते, डोळ्यांतून पाणी येतं.”

“मग दोन ग्लास ढोसलेस कशाला?”

“तुम्ही माझ्यासाठी केली ना.”

“तुझ्यासाठी कुठे? अमेरिकेसाठी केला होता.”

“मी अमेरिकन नाही, आजी.” त्याने हातातली ताटं ओट्यावर ठेवली, पण बोलायचा थांबला नाही. “आधी मी सगळ्यांना सांगायचो. ऑफिसमध्ये, बँकेत. सगळे म्हणतात, सेमच आहे ना. मग सोडून दिलं. पण आईनी इतक्या लांबून आणलेले टार्ट, त्यांना पीकन पाय म्हटलं तेव्हा नाही आवडलं.”

सेमच आहे ना. आशाबाईंच्या हातातला डाव जागच्या जागी थांबला. पटेल काय, घोरपडे काय, सेमच, असं कोपऱ्यावरचा दुकानदार पहिल्या वर्षी हसत म्हणाला होता. त्याच्या दुकानात त्या महिनाभर गेल्या नव्हत्या. आणि त्यांनीच आज या पोराला विमानातला ट्रे वाढला होता, झाकणासकट.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “पण मला सांगायला काय झालं होतं? मी काय वाघ आहे?”

“श्रद्धा म्हणाली, थोड्या आहात.”

आशाबाई हसू दाबत वळल्या. त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं, आलं ठेचलं, साखर सढळ हाताने घातली आणि फ्रीजमधून दुधाची बाटली काढली.

“आमच्याकडे दूध पिशवीत येतं,” अंशुमन मागून म्हणाला. “जगमध्ये उभी करायची आणि कोपरा कापायचा.”

“पिशवीत? कॅनडात?”

“कट छोटा पाहिजे. मोठा झाला की सगळं टेबलावर.”

“आणि रिकामी पिशवी?”

“आई धुऊन वाळत घालते. फेकू देत नाही.”

इतकी वर्षं त्या प्लास्टिकच्या बाटलीतून दूध ओतत होत्या आणि लग्नाआधी आईच्या घरी दोरीवर वाळणाऱ्या दुधाच्या पिशव्या पार विसरल्या होत्या. “तुझी आई शहाणी आहे,” त्या म्हणाल्या. “आता हा चहा घेऊन बाहेर जा. जयंतरावांना काय सांगायचं ते तू सांग. मी मध्ये पडणार नाही. आपलं नाव आपणच सांगायचं असतं.”

बाहेर जयंतराव तिसरा टार्ट संपवत होते. “पीकन पाय फक्कड जमलाय हं.”

अंशुमनने ट्रे ठेवला. कान लालच होते, पण या वेळी तोंड मिटलं नाही.

“आजोबा, हे पीकन पाय नाही. बटर टार्ट आहे. आमच्या ओंटारिओत घरोघर करतात, आणि हे माझ्या आईनी केलेत. आणि मी अमेरिकन नाही, कॅनेडियन आहे.”

श्रद्धाने मोबाइल खाली ठेवला.

“बरं बाबा, कॅनेडियन,” जयंतराव म्हणाले. “पण त्याने असा काय फरक पडतो?”

“आजोबा, तुम्ही पुण्याचे ना?”

जयंतराव ताठ झाले. “मी? पुण्याचा? मी सांगलीचा आहे.”

“सेमच आहे,” अंशुमन म्हणाला. “सॉरी.”

जयंतरावांचा हात टार्टसकट हवेत राहिला. आधी श्रद्धा फुटली, मग आशाबाई, आणि शेवटी जयंतरावांनाही हसू आवरेना. “पोरगं दिसतं तेवढं साधं नाही, वहिनी,” ते डोळे पुसत म्हणाले.

“ते माझं मी बघितलंय,” आशाबाई म्हणाल्या. त्यांनी अंशुमनच्या हातात गोड, गरम चहाचा कप दिला आणि बोलता बोलता सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी याचं केळवण. काय करायचं ते हा सांगेल.”

श्रद्धाने आजीकडे पाहिलं. केळवण या शब्दाचा अर्थ तिला बरोबर कळला. ती उठून आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

“काहीही चालेल,” अंशुमनच्या तोंडून सवयीने गेलं. आशाबाईंनी नुसतं पाहिलं. तो लगेच सावरला. “पूटीन. म्हणजे फ्राइज, वर चीजचे गोळे आणि गरम ग्रेव्ही.”

“बटाट्यावर रस्सा, एवढंच ना? रस्सा माझा घालीन. सावजीला लाजवील असा.”

“आणि माझं काय?” जयंतराव म्हणाले. “मला तिखट सोसत नाही.”

आशाबाईंनी किचनमधून उरलेला जग आणून त्यांच्यासमोर ठेवला. “तुमच्यासाठी हा आहे ना. बादलीभर.”