मागच्या ओट्यावरची पावलं

आईच्या तळपायातलं कुसळ काढायचं म्हणजे चष्मा, चिमटा, सुई आणि वर आईची बोलणी, असा सगळा सरंजाम लागे. या महिन्यातलं हे सहावं कुसळ होतं.

"चपला घालून जात जा ना ओट्यावर," पाय मांडीवर घेत लेक म्हणाली.

"काय?"

"चपला!"

"चपला घालून काय कळतंय," आई बोलून गेली आणि जीभ चावल्यासारखी गप्प झाली.

मागच्या दाराबाहेरचा लाकडी ओटा बाबांनी स्वतः बांधला होता, ती शाळेत होती तेव्हा. आता फळ्या पिंजल्या होत्या, खिळ्यांची डोकी वर आली होती, आणि पायऱ्यांपाशी एका फळीतून खालची माती दिसत होती. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. ओटा मोडून नवा करायचं तिने ठरवलं आणि सगळ्यांना कारण सांगितलं ते आईच्या पायांचं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण पावलांचं होतं.

रोज पाचच्या सुमारास पायऱ्यांकडून कोणीतरी चालत यायचं. टक, टक, टक. मग मध्येच थांबायचं, बाबा गुडघा धरून थांबायचे तेवढंच. पुन्हा टक, टक, आणि दाराशी येऊन गप्प. खिडकीतून पाहावं तर ओट्यावर आई तेवढी अनवाणी उभी असायची, आणि ती तर जागची हललेलीही नसायची.

सुतार पाहणी करायला आला तो दुपारी. त्याने एका फळीत स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो अर्धा आत गेला.

"ताई, याला लाकूड म्हणायचं म्हणजे लाकडाचा अपमान आहे."

"संध्याकाळी वाजतं जरा," ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली.

"वाजणारच. दिवसभर ऊन खातं. मग त्या भिंतीची सावली पायऱ्यांवरून वर चढते, एकेक फळी गार होऊन आकसते आणि खिळा कुरकुरतो. सावली दाराला टेकली की खेळ खलास."

"आणि मध्ये थांबतं ते?"

त्याने वाकून फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं. "तिथे दोन वासे जोडून टाकलेत. वरच्या फळ्या गच्च बसल्यात, म्हणून." मग तिच्याकडे पाहून हसला. "बरंच कान देऊन ऐकलंयत की!"

तिला हायसं वाटलं. वाटायलाच हवं होतं.

"नव्याला स्क्रू मारतो, वाशांवर रबराची पट्टी टाकतो. हत्ती नाचला तरी आवाज नाही. उद्या सकाळी सुरू करू?"

आई दारात उभी होती. कानातलं यंत्र दुपारनंतर डोकं दुखवतं म्हणून ती काढून ठेवायची. तरी ओठांवरून तिला पुरेसं कळलं होतं.

"मोडायचा नाही ओटा."

"आजी, एक दिवस पाय आत जाईल तुमचा!"

"माझा जाईल ना? मग तू कशाला रडतोस?"

सुताराने लेकीकडे पाहिलं. तिने मानेनेच 'या' म्हणून सांगितलं.

ओट्याचेच वासे पुढे स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीखालून गेले होते. त्यामुळे ओट्यावर कोण चढलं ते आई पाठमोरी असली तरी तिच्या पायांना कळे. त्या दाराला आतून कडी असे, आणि बाबा कधी दार वाजवत नसत. पावलं आली की कोणीतरी कडी काढायचं, इतकी साधी व्यवस्था होती. शेवटच्या दिवशीही पावलं दारापर्यंत आली होती. लेक पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या फोनवर होती. तिने ऐकलं, आणि बोलत राहिली. अर्ध्या तासाने बाबा पायरीवर बसलेले सापडले, डोकं कठड्याला टेकून. ते वर आलेच नाहीत, तिथेच बसले असतील, असं तिने आईला सांगितलं होतं.

पाच वाजत आले. आई बाहेर गेली. आज तीही चपला काढून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भिंतीची सावली पहिल्या पायरीला लागली होती.

"त्या दिवशी ते दारापर्यंत आले होते," ती हळूच म्हणाली. आई फळ्यांकडेच पाहत होती. ज्या गोष्टी कुजबुजत सांगायच्या, त्या या घरात ओरडून सांगाव्या लागत. तिने आईचा दंड धरला. "आई! बाबा दारापर्यंत आले होते! मी ऐकलं होतं! मी उठले नाही!"

शेजारच्या घरात कोणीतरी खिडकी लावून घेतली.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "ठाऊक आहे मला. मी भांडी विसळत होते, पायांना कळलं. हात ओले होते. म्हटलं, तू आहेस ना घरात."

"मला वाटलं, तू आहेस."

आईने मान हलवली.

"म्हणून उभी राहते रोज," मग ती म्हणाली. "निदान आता तरी दार उघडं असावं."

टक.

तिने मागे पाहिलं. दार सताड उघडं होतं. टक, टक. मग ते थांबणं. सुताराने सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं, सावली, खिळे, जोडून टाकलेले वासे. टक, टक. फळीची थरथर टाचेतून वर आली आणि आईने अंग चोरून एका बाजूला सरकून वाट दिली. तीही दुसऱ्या बाजूला सरकली, काही न ठरवता.

सावली उंबऱ्याला टेकली. ओटा गप्प झाला.

"उद्या मोडू दे त्याला," आई म्हणाली.

ती 'बरं' म्हणणार, तेवढ्यात आत, स्वयंपाकघरात, जिथे दिवसभरात कधीच ऊन पोचत नाही, तिथे एक फळी वाजली. मग तिच्या पलीकडची.

तिने आईकडे पाहिलं. आईने दाराच्या कडीवर हात ठेवला होता.

"आले आत. आता लावू?" आईने विचारलं.