कायद्याआधी आलेला थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. ताप आला की तोंडात धरतात तो नव्हे, अन्नात खुपसायचा. बोटभर स्टीलची सुई आणि वर आकड्यांची छोटी काच, एवढाच माझा जीव. ज्या कायद्यासाठी मला विकत घेतलं, तो अजून झालेला नाही. मी मात्र म्हातारा झालो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवायला शिकवलं आणि उकळत्या पाण्यात शंभर. खोटं बोलायला कुणी शिकवलं नाही. जहाजातून मी या बेटावर उतरलो, तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! माझ्या डब्याला फुलांची माळ घातली, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. "अन्नसुरक्षेचा कायदा याच अधिवेशनात येतोय," असं सांगून मंत्र्यांनी मला तिरेसाच्या हाती दिलं. तिरेसा म्हणजे आमच्या भागाची अन्न तपासनीस.

याच अधिवेशनात म्हणे! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी एक मोठे मुखिया वारले आणि अख्खी संसद अंत्यविधीला गेली. मग मसुद्याचं आमच्या भाषेत भाषांतर राहिलं. मग रग्बीचा संघ जिंकून आला, सुट्टी. मग वादळ आलं. ते कारण तरी खरं होतं. नंतर कुणीतरी उठवलं की कायदा झाला तर जमिनीतल्या भट्टीत डुक्कर भाजायलाही परवाना लागेल. सगळे खवळले. मसुद्यात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, पण वाचतो कोण? घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

तोवर तिरेसा मला घेऊन दुकानं पालथी घालायची. इथले काही दुकानदार वीज वाचवायला संध्याकाळी फ्रीजरचं बटण बंद करतात आणि सकाळी चालू करतात. मांस रात्रभर सैल पडतं, दिवसा पुन्हा दगड होतं. आमच्या गावचा दुकानदार इओआने त्यातलाच.

"इओआने, हे बघ. उणे अठरा हवं, तिथे हा अधिक नऊ दाखवतोय!"

"तुझं यंत्र बिघडलंय, ताई. बस, कोको घे."

"कोको राहू दे. फ्रीजर बंद करत जाऊ नकोस."

"तसा कायदा आहे का?"

नव्हता. त्यामुळे तिला फक्त हात जोडता येत होते. आणि बिघडलेला कोण, तर मी! मित्रांनो, अशा वेळी जीव नुसता चडफडतो.

आमचे गावमुखिया फेतुआओ संसदेत सभासद होते आणि तिरेसाचे सख्खे काका. तिने त्यांचा उंबरठा झिजवला.

"काका, पांढऱ्या रविवारच्या आत एवढं कराच."

"होईल गं पोरी. इतकी वर्षं खातोय, कोण मेलंय?"

पांढरा रविवार हा मुलांचा सण. एरवी आमच्याकडे आधी मुखिया, पाद्री आणि पाहुणे जेवतात. मुलं पंख्याने माश्या वारतात आणि उरलेलं खातात. त्या एका दिवशी सगळं उलटं. मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये वचनं म्हणतात आणि मग मोठी माणसं त्यांना वाढतात. पहिला घास लेकरांचा. तिरेसाला धास्ती होती ती त्याच घासाची.

त्या आठवड्यात मसुदा पुन्हा पुढे ढकलला गेला. शनिवारी बायकांनी मुलांसाठी कोंबडी शिजवली, बटाटा-अंड्यांचं मेयोनीज घातलेलं सॅलड केलं आणि घमेली ठेवली इओआनेच्या फ्रीजरमध्ये. त्याने सवयीने संध्याकाळी बटण बंद केलं. सकाळी चालू करायचं तो चर्चच्या गडबडीत विसरला.

दुपारी मुलं चटयांवर ओळीने बसली. फेतुआओंची नात मासिना पुढे होती. तिने वचन न अडखळता म्हटलं होतं, म्हणून आजोबा स्वतः तिचं ताट घेऊन वाकले होते. एवढ्यात तिरेसाने मला सॅलडमध्ये खुपसलं. पाचाच्या आत हवं, तिथे मी सव्वीस दाखवले. कोंबडीतही सव्वीसच.

"थांबा! कुणी वाढू नका!"

"सणासुदीला काय गं हा तमाशा?" पाद्रीबाबांची बायको लुपे म्हणाली. "काल पहाटेपासून राबलोय आम्ही."

"लुपेकाकू, रात्रभर गरम पडलंय हे. वास घेऊन बघा."

"लसणाचा वास आहे तो," इओआने मागून म्हणाला, पण पुढे काही आला नाही.

तिरेसा काकांपाशी गेली आणि माझी काच त्यांच्यासमोर धरली. "काका, मला अधिकार नाही. तुम्ही दिलाच नाहीत. वाढा मासिनाला."

मासिनाने तोंड उघडलं होतं. फेतुआओंनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि ताट मागे घेतलं.

"आजोबा, भूक लागलीये!"

"पुरून टाका सगळं," ते म्हणाले. "मुलांना भट्टीतले गरम तारोचे कंद द्या."

मला वाटलं, जिंकलो! इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं, आता नातीसाठी तरी घडा सरळ झाला. मंगळवारी तिरेसाने मला समोर ठेवून रेडिओ लावला. संसदेत फेतुआओ बोलायला उठले. "हा विषय माझ्या काळजाचा आहे," ते म्हणाले, "म्हणूनच त्यावर सखोल विचार व्हावा. पुढच्या अधिवेशनात घेऊ." टाळ्या पडल्या.

तिरेसाने रेडिओ बंद केला. मग तिने मला पुसलं आणि आम्ही पुन्हा दुकानांच्या वाटेला लागलो.

मित्रांनो, माझ्या काचेवरचे आकडे आता फिके पडलेत. मला जपा असं मी म्हणणार नाही. नवा थर्मामीटर दुकानात मिळतो. पण तुम्ही मोठे होऊन फेतुआओंसारख्या खुर्चीवर बसलात, तर एवढं करा. मासिनाचं ताट ज्या हाताने मागे ओढलं, तसा हात बाकीच्या मुलांसाठी मतदानातही वर करा. तिच्या शेजारी चटईवर बसलेल्या पोरांचे आजोबा संसदेत नव्हते.