कोणतं औषध?

कंपनीने दुभाषी म्हणून फोरमनच्या सख्ख्या बहिणीलाच बसवलं होतं. घरचीच बाई, सांभाळून घेईल, असा साहेबांचा होरा. तपासणीला आलेल्या परदेशी पथकाला या नात्याचा पत्ताही नव्हता.

विषारी वायूची शस्त्रं कुणी गुपचूप बनवू नयेत म्हणून कितीतरी देशांनी मिळून हे पथक नेमलेलं. कंपनीच्या कागदांवर नुसतं 'रसायन' म्हणून नव्वद पिंपं होती, गोदामात एक्कावन्न निघाली. फोरमन, म्हणजे तिचा दादा, सकाळपासून धुमसत होता. त्याच्या गोदामात परक्यांनी डोकं खुपसलं होतं ना!

"उरलेल्या एकोणचाळीस पिंपांत काय होतं?" तपासनीस बाईंनी विचारलं. तिने ते दादाला सांगितलं.

"औषध होतं," दादा म्हणाला. "विकलं."

बस्स, एवढंच. वर तिच्याकडे बघून भुवई उडवली! आपल्या भाषेत खोकल्याचंही औषध आणि ढेकणांचंही औषधच. तिने नुसतं 'औषध' सांगायचं, बाई गोळ्या-बाटल्या समजून लिहून घेणार, आणि प्रकरण मिटणार. उभ्या जन्मात कधी अभ्यासाला बसला नाही, आणि आज भाषेचे खेळ करतोय! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"कोणतं औषध, दादा? प्यायचं की मारायचं?"

"जास्त शहाणपणा नको. सांग ना तिला, औषध."

"कुणाला विकलंस?"

"ज्याला हवं त्याला! तो त्याचं काय करतो, मला काय करायचंय? माझी पोरं रस्त्यावर आणतेस का?"

"आणि ज्यांच्या अंगावर ते सोडतील, त्यांना नाहीत पोरं?"

दादाने तोंड फिरवलं. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं! ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, "विष होतं. आम्ही त्यालाही औषधच म्हणतो. कुणाला विकलं, ते हे सांगत नाहीत."

ती बाईंशी बोलली ती भाषा त्याला कळत नव्हती, पण तिचा चेहरा कळला. खुर्ची ढकलून तो ताडकन उठला. "आजपासून तू मला मेलीस! घरची पायरी चढलीस तर तंगडं मोडून हातात देईन!"

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं. "इथला शब्द न् शब्द नोंदवावा लागतो."

तिने एकही अक्षर न गाळता सांगितलं, तंगड्यासकट.

बाईंचं पेन थांबलं. "हे तुमचे कोण लागतात?"

"आत्ता आत्तापर्यंत भाऊ होता," ती म्हणाली. बाईंनी तेही लिहून घेतलं.