उघडती काच

माझ्या नवऱ्याचं नाव प्रेमदास. समोर असला की मी 'अहो' म्हणते, पण इथे नावानेच सांगणार. 'ते' आणि 'ह्यांनी' करत बसले तर राग नीट निघायचा नाही, आणि मला रागच सांगायचा आहे.

प्रेमदासची नजर जात होती आणि तो गाडीच्या काचेला दोष देत होता. गोष्ट एवढीच आहे.

गाडी माझ्या सासऱ्यांची. आरोग्य खात्याच्या लिलावात घेतलेली जुनी व्हॅन, गोल नाकाची. समोर दोन सपाट काचा आणि दोन्हींच्या मधे लोखंडी दांडी. आता अशी गाडी लोक लग्नात फोटो काढायला भाड्याने नेतात. हिंगणघाटात पोरं तिला टेकून सेल्फी काढायची. पण आमची व्हॅन शोभेची नव्हती. वर्ध्याकडे एका धर्मादाय दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर असायचं, त्याचे पेशंट ती न्यायची. वेणा नदीच्या काठच्या गावांमधून म्हातारे-म्हाताऱ्या गोळा करायच्या, गुरुवारी दवाखान्यात पोचवायच्या, मोतीबिंदू काढून झाला की शनिवारी ज्याच्या त्याच्या दारात आणून सोडायच्या. बायांना हात देऊन चढवायला आणि कोणाला ओकारी आली तर पिशवी धरायला मी सोबत असायची. क्लीनर म्हणा.

ऑपरेशनला घाबरणाऱ्यांना प्रेमदासच समजवायचा. "काई नाई होत बुढे. गाडीची काच बदलवल्यासारखं हाय. जुनी काढली, नवी टाकली, का लख्ख." म्हाताऱ्या त्याच्यावर विश्वास ठेवायच्या. अर्ध्या तालुक्याचे डोळे त्याने डॉक्टरांपुढे नेले. स्वतःचे कधी नेले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी भाड्याने राहायला आला होता.

सुरुवात बाजूने झाली. आधी फाटकाचा खांब घासला. मग वायगावच्या फाट्यावर एक बकरी थोडक्यात वाचली. "मधातली दांडी आड येते," प्रेमदास म्हणाला. मग त्याला समोर धुरकट दिसायला लागलं. "काच म्हातारी झाली. वायपरनं घासू घासू दुधावानी झाली पाह्य." तो सारखा फडक्याने काच पुसायचा, चालत्या गाडीतही पुसायचा. आणि खरंच, त्या काचेवर ओरखडे होते. धडधडीत खोटं असतं तर मी त्याला पहिल्याच दिवशी पकडलं असतं. अर्धं खरं होतं म्हणून ते सगळ्यांच्या घशाखाली उतरलं.

माझ्या नाही उतरलं. घरात कुठली आली काच? घरात तो मोरीच्या उंबऱ्याला अडखळायचा. डाव्या हाताला ठेवलेली भाजीची वाटी त्याला दिसायची नाही आणि मी वाढलीच नाही म्हणून माझ्यावर डाफरायचा.

"डोळे दाखवा," मी म्हटलं.

त्याने पेपर उचलला, शेवटच्या पानावरची मुंगीएवढ्या अक्षरांची नोटीस काढली आणि घडाघडा वाचून दाखवली. "आता सांग. आंधळा हाय का मी?"

समोरचं एक अक्षर त्याला सुईसारखं दिसायचं आणि बाजूला उभी असलेली बायको दिसायची नाही. असाही आजार असतो हे मला ठाऊक नव्हतं. त्याला तर जाणूनच घ्यायचं नव्हतं.

एका गुरुवारी पेशंट उतरवल्यावर मी त्याचा दंड धरला आणि दवाखान्याच्या दाराशी ओढत नेला. आतल्या सगळ्या सिस्टर त्याला ओळखायच्या. तो पायरीवरच थांबला. माझ्याशी एवढ्या हळू आवाजात तो कधी बोलला नव्हता.

"ताना, मी ह्या रांगेत उभा राह्यलो का गाडी गेली समज. लायसन जाईन, शिबिराचं काम जाईन. आंधळ्याच्या गाडीत कोन बसन? गाडी गेली तर मी काय करू सांग. तुह्या मागं मागं भाजी आनाले येऊ?"

दंड सोडवून तो कडुनिंबाखाली जाऊन बसला आणि पेपर उघडला. मी त्याच्या अंगावर ओरडले. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. पण धट्ट्याकट्ट्या माणसाला उचलून रांगेत कोण ठेवणार?

आणि मग ओमप्रकाशने ती काचेची टूम काढली. ओमप्रकाश आमचा मिस्त्री, हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. हात सोन्याचा, पण अक्कल पाना-पक्कडपुरती. तो म्हणाला, "भाऊ, पुरान्या एसटीले असायची न उघडती काच? वरतून बिजागरी. खालतून ढकलली का उचलली जाते. उन्हाळ्यात हवाच हवा, अन् समोर काच आडवी नाई तर धुरकट दिसाचं कामच नाई!"

प्रेमदासचा चेहरा उजळला. त्याच्या दुखण्यावर कोणीतरी त्याला आवडणारं औषध सांगितलं होतं.

सगळी गल्ली त्या कामात शिरली. जो तो गॅरेजवर जाऊन सल्ला देऊन यायचा. आमचा अंकित नागपूरला नोकरीला आहे, तो फोनवर म्हणाला, "बाबा, भारी! एकदम व्हिंटेज लुक येईल." मी फोन हिसकावून घेतला. "तुह्या बापाले दिसत नाई." "आई, तू पण ना, उगाच टेन्शन घेते. बाबा व्हॉट्सअॅपवरचं सगळं वाचतात," तो म्हणाला. बापाचा वकील पोराच्या रूपाने माझ्याच पोटी यायचा होता.

गुरुवार-शनिवार गाडी शिबिराला लागायची, म्हणून काम मधल्या दिवसांत चालायचं. ओमप्रकाशने जुनं रबर ब्लेडने कापून काचा काढल्या. लोखंडी पट्टी वाकवून दोन चौकटी केल्या आणि त्यांत नव्या सपाट काचा बसवल्या. उजवी चौकट पहिल्या झटक्यात बसली. डावी काही केल्या बसेना. वर मापात असली की खाली फट राहायची, खाली बसवली की वर अडायची. तेव्हा कळलं की सासऱ्यांच्या काळात गाडी कुठेतरी डाव्या अंगाने ठोकली होती आणि तिचं तोंड तेव्हापासूनच वाकडं होतं. चौकट कापली, जोडली, पुन्हा कापली. पावसाळा आला, तर फटीतून पाणी थेट पेशंटच्या मांडीवर. सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून फट बुजवली. मग काच उचलून धरणारे लोखंडी हात हवे होते. बाजारात मिळेनात, म्हणून प्रेमदास भंगाराच्या दुकानांत फिरला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो तेव्हाही परत येताना त्याने मला नागपूरच्या भंगारात उभं केलं. हात मिळाले, तर ते खड्ड्यात निसटायचे आणि काच धाडकन आपटायची. त्यांना खटके केले. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ते काम एकदाचं संपलं.

इतकी मेहनत तो घेत होता की मला त्याची दया यायची आणि दुसऱ्याच क्षणी रागही यायचा. काच पुसत, चौकट घासत तो गॅरेजमध्ये बसलेला असायचा. मी मनात म्हणायची, अरे बाबा, चुकीच्या जागी खपतो आहेस तू.

पहिल्यांदा दोन्ही काचा वर करून गाडी रस्त्यावर काढली, तेव्हा हवा थेट छातीवर आली. धूळ, भुसकट, कापसाचे तंतू सगळं आत. तोंड मिटून बसायचं, नाहीतर किडा गिळायचा. मागे बसलेल्या म्हाताऱ्या हसत होत्या, पदर सावरत होत्या. प्रेमदास गॉगल लावून राजासारखा बसला होता. "पाह्य ताना, कसं लख्ख दिसून राह्यलं!"

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मलाही वाटलं की आपण उगाच तोंड वाजवलं, काचच खराब असेल. ते हायसं वाटणं गावाबाहेर पडेपर्यंत टिकलं. तो स्टिअरिंगवर पुढे झुकून असा बसला होता की नाक उघड्या काचेतून बाहेर जायचं बाकी होतं. पळसाच्या झाडाशी वळण आलं, ते मी "वळा" म्हटल्यावर त्याने घेतलं. त्या दिवसापासून मी बोलत राहिले. "डावीकून सायकल. गड्डा. बैल हाय समोर." तो म्हणायचा, "दिसून राह्यलं व मले." पण माझं बोलणं कधी थांबवायचा नाही.

मार्चमधला एक शनिवार. गाडीत परतीचे पेशंट. कोणाचा उजवा डोळा पट्टीखाली, कोणाचा डावा. पुढच्या सीटवर प्रेमदास, मधे देवकाबाई, खिडकीला मी. देवकाबाई वेणेकाठच्या एका खेड्यातली, कित्येक वर्षं नुसता उजेड-अंधार बघणारी. तिची पट्टी सकाळीच निघाली होती आणि तिला काय बघू आणि काय नको असं झालं होतं.

"अवं बाई, त्या तारेवर पोपट बसले! अवं, तिचं लुगडं पाह्य, लाल हाय! इतका लाल रंग असते का व?"

तिचा आनंद बघून मागचे सगळे हसत होते. मीही हसले. तिच्याकडे बघत राहिले आणि तेवढा वेळ रस्ता सांगायचा राहिला.

"अवं, तो दूधवाला!" देवकाबाई म्हणाली.

डावीकडच्या शेताच्या पांदणीतून एक माणूस सायकलवर दुधाचे कॅन लटकवून रस्त्यावर आला होता. चांगला आडवा आला होता, आंधळ्यालाही दिसेल असा. प्रेमदासचा पाय ब्रेकवर गेला नाही. गाडीचा वेगही कमी झाला नाही. मी किंचाळले, देवकाबाईने स्टिअरिंगला हात घातला. गाडी वाकडी झाली, काहीतरी धडकलं, कॅन रस्त्यावर लोळत गेले.

मी उतरून धावले. दूधवाला खड्ड्यात पडला होता. जिवंत होता. गुडघा सोलून रक्त येत होतं, मनगट लोंबत होतं. दूध मातीत जिरत होतं. तो तसाच बसून गाडीकडे बघून ओरडला, "दिसत नाई का बे तुले?"

रस्त्यावर भांडताना कोणीही बोलतो तेच तो बोलला. पण गाडीतून देवकाबाईचा आवाज आला, अगदी शांत.

"नाई दिसत त्याले. मी पाह्यलं. त्याचे डोळे तुह्याकडंच होते."

गाडीतलं हसणं कधीच थांबलं होतं. पट्ट्या बांधलेली ती सगळी माणसं एकेका डोळ्याने प्रेमदासकडे बघत होती. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

प्रेमदासला घाम फुटला होता. "काच," तो म्हणाला. "काच धुरकट झाली." आणि सवयीने त्याने फडकं घेतलं आणि काच पुसायला हात पुढे केला.

हात सरळ बाहेर गेला. कोपरापर्यंत गेला. बोटांतलं फडकं हवेत लोंबत राहिलं. त्याने हात तसाच इकडून तिकडे फिरवला, काच शोधत. काच वर होती, त्यानेच सकाळी खटका लावला होता.

"ताना," तो म्हणाला, "उघडीच हाय का?"

"उघडीच हाय."

त्याने हात लवकर आत घेतला नाही. माझ्या मनात वर्षभराचा राग होता, त्याला सुनवायला शंभर वाक्यं तयार होती. पण मला रडू आलं.

मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने दूधवाल्याला दवाखान्यात नेलं. त्याच्याबरोबरचा माणूस आमची गाडी चालवत हिंगणघाटला घेऊन आला. प्रेमदास मागे पेशंटमध्ये बसला होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

पुढच्या गुरुवारी तो स्वतःहून रांगेत उभा राहिला. सिस्टर म्हणाली, "काय भाऊ, आज कोणाला आणलं?" तो म्हणाला, "मलेच." आत एका यंत्रात डोकं घालून बसवलं, बाजूला ठिपके चमकले की बटण दाबायचं. प्रेमदासने फार थोड्या वेळा दाबलं. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कागद दाखवला. सगळा काळा, आणि मधे वाटीच्या तळाएवढं पांढरं. तेवढंच उरलं होतं, तेही फक्त उजव्या डोळ्यात.

"मोतीबिंदू असता तर काढला असता," त्या म्हणाल्या. "हे तसं नाही. डोळ्यातला दाब वाढत गेला, नस सुकली. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून आहे तेवढी टिकते का बघू." त्या तरुण होत्या, त्यांना राग आला होता आणि तो लपवता येत नव्हता. "तुम्ही तर दर आठवड्याला इथे येता. मागच्या वर्षी दाखवलं असतं तर बरीच वाचली असती. वर्षभर काय करत होता तुम्ही?"

प्रेमदासने मान त्यांच्या आवाजाकडे वळवली.

"मॅडम," तो म्हणाला, "गाडीची काच उघडती करून राह्यलो होतो."