भिंतीकडे तोंड

मी मारुती आठशे बोलतेय. जुन्या शेपची, चौकोनी. हसू नका. हसणाऱ्यांवर मी आधीच खवळलेली आहे, आणि आता तर माझ्या अंगावर पिवळा रंग फासून पुढेमागे लाल 'एल' काढलाय, त्यामुळे भिवंडीच्या नारपोलीतलं शेंबडं पोरही मला बघून दात काढतं.

गाडीने आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, मालकाचे उपकार आठवावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका. मालकाचं मी काय आठवायचं ते ऐका.

माझा जन्म गुडगावच्या कारखान्यातला, सन १९८५. तीन सिलिंडरचं इंजिन, बारा इंची चाकं, चार माणसं आणि एक बॅग, एवढाच संसार. पण माझ्यासाठी लोक वर्षवर्ष ताटकळत. आधी नाव नोंदवायचं, मग सोडत निघायची. भिवंडीच्या सुधीर कर्णिक वकिलांनी दोन अर्ज भरले होते, एक स्वतःच्या नावाने आणि एक बायकोच्या. साहेबांचा नंबर लागलाच नाही. सुचेताबाईंचा लागला.

म्हणजे माझ्या कागदावर मालक म्हणून नाव चढलं ते सौ. सुचेता सुधीर कर्णिक यांचं. शेजारीपाजारी म्हणाले, "लक्ष्मीच्या नावाने घेतलीत, छान केलंत." साहेबांनीही मान डोलावली. सोडतीचं कुणालाच सांगितलं नाही.

पूजा बाईंनी केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली. मग साहेब स्टिअरिंगवर बसले आणि बाई मागच्या सीटवर, मांडीवर पूजेचं ताट घेऊन. मी म्हटलं, अहो, मालकीणबाई मागे कशा? पण मला विचारतो कोण?

सीटवरचं प्लास्टिक साहेबांनी काढू दिलं नाही. उन्हाळ्यात त्यावर बसणाऱ्याच्या पाठीचं पाणी पाणी होई. वर मला जाड कापडाची खोळ. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा मला बाहेर काढायचं, कोर्टातल्या मित्रांना दाखवायचं आणि परत आणून कंपाउंडमध्ये लावायचं. लावायचं म्हणजे कसं, तर रस्त्यावरून सरळ आत शिरायचं आणि तोंड स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. कंपाउंड रस्त्यापेक्षा खाली, भिंतीकडे उतार. चूक केलेल्या पोराला वर्गात उभं करतात तशी मी तेरा वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून उभी होते. चूक माझी नव्हती.

सुचेताबाई पडघ्याच्या शाळेत शिक्षिका. रोज पहाटे उठून डबा करायच्या आणि एसटी पकडायच्या. जागा मिळाली तर बसून, नाही तर दांड्याला धरून. मालकीण उभी आणि मालमत्ता खोळीत झोपलेली, हा न्याय मला कधी पटला नाही. साहेब कायदा शिकलेले. त्यांना पटला.

त्यात माझ्या बहिणींनी उच्छाद मांडला. मला वर्षही झालं नव्हतं तेवढ्यात नवा शेप आला. गोलाई आली, जरा ऐसपैस झाली. नाव तेच, आठशे. पण त्या दिवसापासून साहेब माझी ओळख करून देताना आवाज खाली आणत, "आपली जुन्या शेपची आहे." एकदा नव्या शेपचे व्हीलकप आणून माझ्या चाकांना बसवले. थोरलीला धाकटीची बांगडी घालून मिरवायचा प्रकार! पुढे डब्यासारखी व्हॅन रस्त्यावर दिसू लागली, मग हजारची लांबडी आली, मग झेन आली. प्रत्येक नवी गाडी दिसली की साहेब माझ्याकडे असे बघत, जणू मीच मुद्दाम म्हातारी होत होते.

मी जेमतेम वर्षाची असताना एकदा बाई म्हणाल्या, "अहो, मलाही शिकवा ना. पडघ्याला घेऊन जाईन."

साहेब त्या दिवशी खुशीत होते. नारपोलीच्या मैदानात घेऊन गेले. पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक. बाईंचा हात हलका होता. क्लच सोडायची त्यांची घाई नसे. दोन फेऱ्या सुरेख झाल्या आणि तिसऱ्या फेरीला मी बंद पडले. तेवढ्यात कापडाच्या लूमची रात्रपाळी सुटलेली, कारागीर मैदानातून घरी चाललेले. त्यांतला एक जण हसत म्हणाला, "वकीलसाब, मेमसाब को ट्रक दिला दो, ट्रक!"

एवढंच. कुणाचं काही गेलं नव्हतं. पण साहेबांचा चेहरा उतरला.

"उतर. लोक बघतायत."

बाई उतरल्या. त्या फेरीनंतर माझ्या स्टिअरिंगला पाच वर्षं त्यांचा हात लागला नाही.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

सन १९९१. रविवार होता, एसटीच्या संपाचा तिसरा दिवस. साहेब एका अशिलाच्या घरच्या लग्नाला कल्याणला गेले होते, अशिलाच्याच गाडीतून. फुकटची गाडी मिळाल्यावर मला कशाला काढतील? दुपारी घरातला फोन वाजला. पडघ्याहून होता. बाईंचे वडील, श्रीनाथ मास्तर, छातीत कळ येऊन पडले होते. घरी ते एकटेच राहत. शेजारी सांगत होते, लवकर या, सारखं तुमचंच नाव घेतायत.

बाई धावत बाहेर आल्या. साहेबांच्या काळ्या कोटांमागून किल्ली शोधून आणली होती. दोन्ही हातांनी माझी खोळ ओढून फेकली, आत बसल्या, किल्ली फिरवली. मी एका झटक्यात सुरू झाले. आयुष्यात इतकी चटकन मी कधी सुरू झाले नव्हते. टाकी भरलेली. पडघा पंधरा किलोमीटर. चला बाई, चला!

त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला आणि मी पुढे जाऊन भिंतीवर आदळले.

पुन्हा टाकला. पुन्हा भिंत.

रिव्हर्स कुठे असतो हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मोकळ्या मैदानात मागे जायची वेळ येते कुठे? त्या दांडा इकडे ढकलत, तिकडे ढकलत. माझ्या पोटात दातांवर दात घासत होते. आणखी जरासा बाजूला सरकला असता तर लागला असता. पण मला तोंड असून बोलता येत नाही, आणि तोंड होतं ते भिंतीकडे.

घरकाम करणाऱ्या रंगूबाई धावत आल्या. "बाई, आपुन ढकलू हिला." दोघींनी ढकललं. उतार माझ्या उरावर. मी हातभर मागे गेले की घसरून पुन्हा भिंतीशी. रंगूबाईंच्या पायातली चप्पल तुटली. गेटपर्यंतचं अंतर होतं फक्त पंधरा फूट.

शेवटी बाई पदर खोचून नाक्यापर्यंत पळत गेल्या आणि नाशिककडे जाणाऱ्या एका ट्रकला हात केला. पडघ्याला पोचल्या तेव्हा मास्तरांना जाऊन वीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी साहेब आले. रंगूबाई दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर गेले, सायेब. बाई ट्रकानं गेल्या."

"अरे अरे," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि हा बंपर कुणी ठोकला?"

मी खोटं सांगत नाही. याच क्रमाने म्हणाले.

मग पडघ्याला जायला त्यांनी मला बाहेर काढलं. एका दमात, सरळ मागे. एकच हात स्टिअरिंगवर होता, दुसऱ्याने रुमाल घेऊन मान पुसत होते. ते पंधरा फूट त्यांना कळलेही नाहीत. त्या क्षणी माझी चारही चाकं निखळून पडली असती तर बरं झालं असतं.

साहेब वाईट माणूस नव्हेत. दहाव्याला, तेराव्याला त्यांनी सगळं रीतसर केलं. बाईंना म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. वेळ आली की कुणाचं काही चालत नाही." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी. फरक एवढाच, की किल्ली आता कपाटात नसे. साहेबांच्या खिशात असे.

बाई पुन्हा एसटीने जाऊ लागल्या. अशी आणखी सात वर्षं.

सत्याण्णव साली आठशेचा चेहरामोहरा पुन्हा बदलला आणि साहेबांना धीर निघेना. अठ्ठ्याण्णवमध्ये त्यांनी पांढरी, एसीवाली घरी आणली. स्वतःच्या नावाने. मग मला विकायला काढलं. गिऱ्हाईकं दोन आली. एक वडप्याचे लडकू पाटील, गोदामांवर फिरायला त्यांना गाडी हवी होती. दुसरे, सगळे ज्यांना दाजी म्हणत ते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी मोटार ट्रेनिंग स्कूल काढलं होतं. साहेबांनी पाटलांना शब्द दिला, कागद आणले, माझ्या बॉनेटवर पसरले आणि सवयीने खिशातलं पेन काढलं.

"साहेब, सही मालकाची लागंल," पाटील म्हणाले. "हितं तर ताईंचं नाव हाय."

एवढे मोठे वकील, तेरा वर्षांत विसरूनच गेले होते. बाईंना हाक मारली. बाईंनी कागद वाचला. परीक्षेचा पेपर तपासावा तसा ओळीवर बोट ठेवून वाचला.

"मी यावर सही करणार नाही. दाजींना द्यायची असेल तर करते."

"अगं, पाटलांना शब्द दिलाय मी!"

"तुम्ही दिलाय. सही माझी लागते ना?"

दाजींच्या कागदावर बाईंनी माझ्याच बॉनेटवर टेकून सही केली. पेनाचं टोक मला टोचलं. मला बाईंचा इतका राग आला म्हणून सांगू! साहेबांकडून मी काही अपेक्षा ठेवलीच नव्हती. पण तुम्ही, बाई? तुम्हीही मला विकलंत?

दाजींनी पहिल्या दिवशी सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. "तेरा वर्सं हिला श्वास न्हाय घेऊ दिला लोकांनी," म्हणाले. तेवढंच सुख. बाकी शिकाऊ लोकांनी माझे जे हाल केले ते विचारू नका. कुणी क्लचवर उभाच राहतो, कुणी गिअर असा खेचतो की जणू विहिरीतून बादली काढतोय.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी दार उघडलं आणि स्टिअरिंगवर एक हलका हात टेकला. मी ओळखला. सात वर्षांनीही ओळखला.

"बाई, तुमचीच ना ही गाडी?" दाजींनी विचारलं.

"होती. म्हणूनच तुम्हाला दिली. म्हटलं, शिकायचं तर हिच्यावरच. आधी रिव्हर्स दाखवा."

"रिव्हर्स शेवटी असतंय, बाई. आधी पुढं जायला शिका."

"पुढे जायला शिकवलंय मला. मागे जायला नाही शिकवलं."

दाजींनी दांड्यावर त्यांचा हात धरून रिव्हर्सची जागा दाखवली. बाईंनी तो गिअर टाकला, काढला. टाकला, काढला. वीसेक वेळा. मग डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "एवढंसंच होतं हो, दाजी."

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. नारपोलीत लूमच्या शेडांमधून एक अरुंद गल्ली जाते. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला सुताच्या बीमची, म्हणजे मोठाल्या रिळांची हातगाडी. बाई मला घेऊन गल्लीत शिरल्या आणि समोरून पांढरी, एसीवाली आली. काचा बंद, हॉर्न चालू. मी तिला ओळखलं. तिच्या मालकालाही ओळखलं. त्याने मला नाही ओळखलं. पिवळ्या गाडीत शिकणारी कोण बसलीय हे कोण बघतो?

काच खाली झाली. साहेबांनी हात बाहेर काढला. "ओ, मागे घ्या, मागे! या गल्लीत शिकाऊ लोकांना आणता कशाला? येत नसेल तर घरी बसा ना, बाई!"

माझं इंजिन असं तापलं, की पुढे जाऊन त्या नव्या कोऱ्या बंपरवर डोकं आपटावंसं वाटलं. एकदा आपटलं होतंच. दाजींचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेककडे गेला.

"दाजी, पाय काढा," बाई म्हणाल्या.

मान वळवून त्यांनी मागे पाहिलं. गिअर आवाज न करता बसला. मी मागे निघाले. गटाराला न लागता, हातगाडीला न घासता, सरळ. पहिले पंधरा फूट गेले तेव्हा त्या पुटपुटल्या, "पंधरा." मला कळलं. दाजींना नाही कळलं. त्यापुढे गल्लीच्या तोंडापर्यंत आणखी साठ-सत्तर फूट असतील, ते मात्र त्यांनी मला अलगद नेलं आणि बाजूला घेतलं.

साहेब पुढे आले. माझ्या शेजारून जाताना त्यांनी मान वळवली आणि त्यांची गाडी तिथेच बंद पडली.

"सुचेता?"

"या पुढे. सावकाश," बाई म्हणाल्या. "तुमच्या डावीकडे गटार आहे."

साहेबांनी किल्ली फिरवली. दुसऱ्यांदा फिरवली. हातगाडीवाला हसला. या वेळी कुणी कुणाला उतर म्हणालं नाही.

माझा राग गेला का? बाईंवरचा गेला. बाकीचा आहे आणि राहणार. ती वीस मिनिटं मला कुणी परत आणून देणार असेल तर बोला.

माझं आता थोडंच राहिलंय. पत्रा गंजलाय, दाजी म्हणतात अजून वर्षभर ओढेल. म्हणून जाता जाता सांगते. गाडी लावाल तेव्हा तिचं तोंड रस्त्याकडे करून लावा. किल्ली खुंटीवर ठेवा, घरातल्या सगळ्यांचा हात पोचेल अशी. आणि ज्याला शिकवाल त्याला पुढे जायचं शिकवा तसं मागे यायचंही शिकवा, त्याच दिवशी. एवढं जमत नसेल तर गाडी घेऊ नका. गाडीचं कॅलेंडर आणून भिंतीला लावा. भिंतीकडे बघत राहायची तुम्हाला हौसच असेल, तर त्यासाठी मी कशाला हवी?

उद्या बाईंची लायसनची परीक्षा आहे. साहेब कोर्ट बुडवून सोबत येतो म्हणाले होते. बाई म्हणाल्या, "या. मागे बसा."